चार टाय रॉड एंड बदलून हँडल सरळ होत नाही

पाऊस उघडला की नागपूरजवळच्या काटोल रोड, हिंगणा, कळमेश्वरकडच्या फार्महाऊसांवर जुन्या स्पोर्ट एटीव्ही (हँडलच्या, चार जाड टायरांच्या कच्च्या वाटेवरच्या गाड्या) शेडमधून बाहेर निघतात आणि व्हॉट्सॲपवर हा निरोपही फिरायला लागतो: “हँडल थरथरत असेल किंवा गाडी एका बाजूला ओढत असेल तर जास्त डोकं लावू नका. चारही टाय रॉड एंड बदला, सगळीकडे ग्रीस मारा, पुढच्या टायरांत 25 पीएसआय हवा ठेवा, कारवाल्याकडून अलाइनमेंट करून घ्या. तरी थरथरली तर स्टिअरिंग डॅम्पर लावा.”

प्रत्येक वाक्यात थोडं थोडं खरं आहे, म्हणून तो पटतो. घोळ आहे तो “डोकं लावू नका” मध्ये.

“चारही टाय रॉड एंड बदला.” टाय रॉड म्हणजे हँडलचं वळण चाकापर्यंत नेणारा दांडा, आणि एंड म्हणजे त्याच्या टोकाचा फिरता जोड. झिजलेला एंड हे थरथरीचं एक कारण झालं. तसाच प्ले (ढिलाई) व्हील बेअरिंग, बॉल जॉइंट (चाकाकडचा गोळीचा जोड), ए-आर्मचे (चाक फ्रेमला जोडणाऱ्या हातांचे) बुश आणि स्टिअरिंग स्टेम (हँडलखालचा उभा दांडा) यांतूनही येतो. कुठून येतो ते शोधायला पंधरा मिनिटं आणि एक जोडीदार पुरतो. फ्रेमखाली जॅक लावून पुढची दोन्ही चाकं अधांतरी करा. चाक आधी डाव्या-उजव्या कडेला धरून हलवा, मग वर-खाली धरून. आडवा प्ले असेल तर संशय टाय रॉडवर, उभा असेल तर बॉल जॉइंटवर किंवा बुशवर. बेअरिंग मात्र दोन्हीकडे बोलतं. ते ओळखायला जोडीदाराला पुढचा ब्रेक दाबून धरायला सांगा आणि चाक पुन्हा हलवा. ब्रेक दाबताच प्ले गायब झाला तर बेअरिंग गेलेलं आहे, कारण ब्रेक हब (चाकाचा फिरता मधला भाग) आणि नकलला (हब धरणाऱ्या न फिरणाऱ्या भागाला) एकमेकांशी जखडतो. प्ले तसाच राहिला तर एकेका जॉइंटवर असं बोट ठेवा की अर्धं पेर एका भागावर आणि अर्धं दुसऱ्यावर येईल. डोळ्याला न दिसणारं ‘टक्’ तिथे लगेच कळतं.

स्टेमकडे तर कुणी बघतच नाही. त्याचं खालचं टोक बेअरिंगमध्ये बसतं आणि वरचा भाग बऱ्याच गाड्यांत दोन फाकांच्या प्लास्टिक बुशमध्ये फिरतो. हँडल वळवू नका, पुढे-मागे ढकला. त्या क्लॅम्पपाशी दांडा हलताना दिसला तर बुश झिजलाय. तो बदलायचा सोडून क्लॅम्पचे बोल्ट आवळत गेलात तर थरथर कमी होईल, पण हँडल जड होईल आणि वळल्यावर आपसूक परत यायचं नाही.

एंड खरंच झिजला असेल तर तो जरूर बदला. टाय रॉडच्या एका टोकाला उलटे आटे असतात, हे ध्यानात ठेवा. जुना एंड काढताना किती फेरे फिरले ते मोजा आणि नवा तितकेच फेरे बसवा. टेपर (एंडचा घट्ट बसलेला निमुळता दांडा) सोडवायला आट्यांवर हातोडी मारू नका, पुलर वापरा. कॅसल नटच्या (खाचांच्या नटच्या) खाचेशी पिनचं भोक जुळत नसेल तर नट पुढे आवळून जुळवा, सैल करून कधीच नाही. स्प्लिट पिन दर वेळी नवी घाला. वाकलेला टाय रॉड ठोकून सरळ करू नका, आणि बॉल जॉइंटला वेल्डिंगचा टाका तर मुळीच नको. आतलं अस्तर आणि ग्रीस उष्णतेने जळतं.

बेअरिंग घेताना कडेला कोरलेला नंबर जुळवा. नंबरापुढे 2आरएस असेल तर दोन्ही बाजूंना रबर सील आहे. हबमध्ये बसवताना दाब फक्त बाहेरच्या रिंगवर द्या. दोन बेअरिंगांमधला स्पेसर टेबलावर राहून गेला, तर नट आवळताच आतल्या रिंगा एकमेकींकडे ओढल्या जातात आणि नवं बेअरिंग थोड्याच दिवसांत कुरकुरायला लागतं. घरी प्रेस नसेल तर हिंगणा एमआयडीसीतल्या एखाद्या लेथवाल्याकडे हब न्या, पण स्पेसर सोबत घेऊनच.

“सगळीकडे ग्रीस मारा.” निपल (ग्रीस भरायचं तोंड) असेल तिथे, म्हणजे काही मॉडेलांत ए-आर्मच्या बुशांना, जरूर मारा. टाय रॉड एंड आणि बॉल जॉइंट बहुधा सीलबंद येतात. सुईने बुटात (जॉइंटवरच्या रबरी टोपीत) ग्रीस भरणारे बुटालाच भोक पाडतात. आपल्याकडची काळी माती अशाच भोकातून आत जाते. फाटका बूट बोटांनी दाबून बघा. मातीचा आणि ग्रीसचा काळपट लगदा बाहेर आला तर तो एंड संपला, मग आज प्ले नसला तरी. झिजलेलं लोखंड ग्रीसने भरून येत नाही, फक्त आवाज चार दिवस दबतो. वॉशिंग सेंटरवर जेट थेट बेअरिंगच्या सीलवर धरू देऊ नका.

“25 पीएसआय हवा.” निरोपातला सगळ्यात घातक सल्ला हा. स्पोर्ट एटीव्हीच्या पुढच्या टायराचं नेहमीचं माप 21x7-10, आणि त्यात हवा बहुतेक गाड्यांना 4 पीएसआयच्या आसपास लागते. नेमका आकडा गाडीवरच्या स्टिकरवर असतो. टायरवर छापलेला मोठा आकडा बीड (टायरची आतली कड) रिमवर बसवतानाच्या मर्यादेचा असू शकतो, तो चालवण्याचा नव्हे. 25 भरल्यावर टायर दगडासारखा होतो, मुरमावर उड्या मारतो आणि प्रत्येक खडा हँडलपर्यंत पोचवतो. मग लोक म्हणतात, “अजून थरथरते, बाप्पा!”

4 च्या हिशेबात 1 पीएसआयचा फरक म्हणजे पाव हिस्सा. पेट्रोल पंपावरच्या गेजवर तो धड दिसतही नाही. 0 ते 10 चा लो-प्रेशर गेज घ्या. हवा सकाळी, सावलीत, थंड टायरमध्ये भरा. 30 अंशांना 4 भरलेली हवा मे महिन्याच्या उन्हात 60 अंशांवर गेली तर साडेपाचच्या वर जाते. नागपूरच्या उन्हात तापलेल्या टायरची हवा मोजून कमी करणारा माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी चपट्या टायरवर बसतो.

ओढण्याची एक जागा निरोपात कुठेच नाही: मागचा एक्सल. स्पोर्ट एटीव्हीला मागे सहसा डिफरन्शियल नसतं, दोन्ही चाकं एकाच दांड्यावर एकाच वेगाने फिरतात. एक टायर जुना आणि दुसरा नवा असेल, किंवा हवा कमी-जास्त असेल, तर परीघ बदलतो आणि गाडी लहान परिघाच्या बाजूला वळत राहते. वाटतं दोष पुढे आहे. दोन्ही मागच्या टायरांत सारखी हवा भरा, शिंप्याची टेप गुंडाळून परीघ मोजा. फरक असेल तर पुढच्या बाजूला पाना लावण्याआधी मागचे टायर जोडीने बदला.

“कारवाल्याकडून अलाइनमेंट.” कारचं मशीन कारच्या रिमसाठी आणि कारच्या आकड्यांसाठी असतं. इथे लागते ती टेप आणि खडू. सगळा प्ले काढल्यानंतरच, सपाट जमिनीवर, हँडल सरळ बांधून दोन्ही पुढच्या टायरांच्या मध्यावर, समोर, एक्सलच्या उंचीला खूण करा. खुणांमधलं अंतर मोजा. गाडी पुढे ढकलून त्याच खुणा मागच्या बाजूला, त्याच उंचीवर आणा आणि पुन्हा मोजा. खुणा त्याच ठेवल्याने वाकड्या रिमचा घोळ मापात शिरत नाही. मागचं अंतर जास्त आलं तर टो-इन, म्हणजे चाकं पुढून आत वळलेली. मॅन्युअल हाताशी नसेल तर 3 ते 6 मिलिमीटर टो-इनवर बहुतेक गाड्या समजूतदार वागतात. उलट, टो-आउट (चाकं पुढून बाहेर वळलेली) असेल तर गाडी सरळ रेषेत धरवत नाही. दोन्ही टाय रॉड सारखेच फिरवा, नाहीतर चाकं जुळतील आणि हँडल वाकडं राहील. शेवटी चेक नट (टाय रॉड जागी धरणारे) आवळा.

“डॅम्पर लावा.” डॅम्पर म्हणजे हँडलचे झटके शोषणारा भाग. वरचं सगळं ठाकठीक असेल आणि वेगात चालवत असाल तर लावा. झिजलेल्या जॉइंटवर लावलेला डॅम्पर ती थरथर हातापर्यंत येऊ देत नाही, जॉइंट मात्र आत झिजतच राहतो. चाचणी शेतातल्या मोकळ्या पट्टीवर, हळू वेगात घ्या. रिंगरोडवर नको, बहुतेक एटीव्हींना रस्त्याची परवानगी नसतेच. दहा-पंधरा किलोमीटर चालल्यावर सगळे नट पुन्हा एकदा पान्याने बघा.