लंडनमध्ये उतरायचे कोठे?

लंडनला जायचे ठरविणे सोपे असते. व्हिसा, तिकिटे आणि लोकरीचे कपडे ही कामे पैसे आणि चिकाटी यांच्या बळावर तडीस जातात. पण त्या शहरात उतरायचे कोठे, हा विषय घरात एकदा निघाला की त्यावर मत नसलेला माणूस सापडत नाही, आणि ज्यांनी लंडन कधी पाहिलेले नाही त्यांची मते तर विशेष ठाम असतात. आमच्या सोसायटीच्या सचिवांनी 'सेंटरलाच राहा, उगाच लांब जाऊ नका' असे सांगून आपल्यापुरता विषय मिटवला. 32 बरो, म्हणजे कारभाराचे विभाग, आणि शिवाय त्यांत न मोजली जाणारी, चौरस मैलभराची 'सिटी' एवढ्या पसाऱ्याचे सेंटर कोणते, असे मी विचारले, तेव्हा ते गोंधळले. चेरिंग क्रॉसजवळ पहिल्या चार्ल्स राजाचा घोड्यावर बसलेला पुतळा आहे आणि लंडनची अंतरे तेथून मोजतात, ही माहिती मीच त्यांना पुरविली. त्यावर 'मग पुतळ्याजवळच बघा' असा सल्ला मिळाला. पुतळ्याजवळचे दर मी पाहिले. याच राजाचा 1649 साली शिरच्छेद झाला होता हे आठवून मला जरा धीर आला. निदान तेथे मान गमावणारा मी पहिला नव्हतो.

दर पाहण्याचीही एक पद्धत आमच्या घरात आपोआप ठरून गेली. मी पौंडाचा आकडा वाचायचा, सौभाग्यवतींनी त्याला शंभराने गुणायचे, वर दहा-पंधरा टक्के मनस्ताप धरायचा आणि आलेल्या रकमेत कोकणात किती दिवस राहता आले असते, हे मोठ्याने सांगायचे. गणपतीपुळ्याला समुद्रासमोर, दोन वेळच्या जेवणासह, संपूर्ण कुटुंब जेवढ्यात आठवडाभर राहील तेवढ्यात लंडनमध्ये तीन माणसांना एक रात्र अंग टाकायला मिळते आणि सकाळी उकडलेल्या घेवड्यासारखे काही तरी टोमॅटोच्या रसात बुडवून समोर ठेवतात, हे तिचे गणित बरोबरच होते. बरोबर गणितावर उत्तर नसते, म्हणून मी आडबाजूचे भाग शोधू लागलो.

तेव्हा कळले की लंडनच्या नावाने काय वाटेल ते विकले जाते. विमानतळांनी तर याबाबतीत ताळतंत्रच सोडले आहे: 'लंडन स्टॅन्स्टेड' एसेक्समध्ये, 'लंडन ल्यूटन' बेडफर्डशायरमध्ये, 'लंडन गॅटविक' वेस्ट ससेक्समध्ये, आणि ऑक्सफर्डशेजारच्या छोट्या धावपट्टीचे नावही 'लंडन ऑक्सफर्ड विमानतळ' असे आहे. मग हॉटेलांनी का मागे राहावे? नावात लंडन, पत्त्यात लंडन, वर्णनात 'मध्यवर्ती लंडनपासून जवळ', आणि नकाशा उघडावा तर भोवताली एका बाजूला महामार्ग आणि दुसऱ्या बाजूला मेंढ्या. याला उतारा एकच, तो म्हणजे रेल्वेभाड्याचे झोन पाहणे. पहिला झोन मधला, तेथून बाहेर पडत पडत नववा अगदी वेशीबाहेरचा. दुसऱ्या-तिसऱ्या झोनमध्ये राहावे, खोलीत वाचलेले पैसे रोज रेल्वेला द्यावेत, आणि आपण बचत केली असे समजून झोपावे, अशी तेथे जाणाऱ्या मध्यमवर्गाची रीत आहे. बसचे मात्र मला कौतुक वाटले. पहिल्या बसमध्ये कार्ड टेकवल्यापासून तासाभरात कितीही बस बदलल्या तरी भाडे एकदाच कापले जाते. रोख पैसे 2014 पासून घेतच नाहीत, त्यामुळे सुट्ट्या पैशांवरून कंडक्टरशी होणारी चकमकही नाही, आणि बहुतेक बसमध्ये कंडक्टरही नाही.

मध्येच 'सिटी'चाही विचार झाला. तेथे आठवडाभर कोट-टायवाली माणसे कंपन्यांच्या खर्चाने उतरतात आणि शुक्रवारी गाशा गुंडाळतात, म्हणून शनिवार-रविवारी त्याच खोल्यांचे दर पुष्कळ खाली येतात. त्यानुसार मी एक योजना आखली: सोमवार ते शुक्रवार स्वस्त उपनगरात, शनिवार-रविवार सिटीत. 'दर शुक्रवारी बिऱ्हाड हलवायला आपली काय बदलीची नोकरी आहे?' या एका वाक्यात ती योजना बारगळली.

लंडनच्या हॅरो उपनगरात माझा मावसभाऊ राहतो. त्याने फोनवर 'हॉटेलचे नाव काढलेस तर याद राख' अशी प्रेमाची धमकी दिली. नातेवाइकांकडे उतरण्यात खोलीभाडे वाचते, ही समजूत वरवरची आहे. त्याच्या घरात न्हाणीघर एक, ऑफिसला आणि शाळेला जाणारी माणसे चार आणि आम्ही आणखी तिघे. सकाळी साडेसहापासून वेळापत्रक लावावे लागेल आणि पाहुणे म्हणून आमचा नंबर साडेदहाला येईल. पाहुण्यांना द्यायच्या खोलीला तिकडे 'बॉक्स रूम' म्हणतात आणि ती त्या नावाला पुरेपूर जागते. शिवाय भावाचे लंडन म्हणजे नीसडनचे स्वामिनारायण मंदिर, वेम्बलीची साडीची दुकाने आणि साउथॉलची जिलेबी. हौसेने गाडीतून हिंडवील, आग्रहाने खाऊ घालील, आणि परतताना आम्ही थेम्स नदी विमानातूनच पाहू. 'एक दिवस जेवायला येऊ' यावर तडजोड झाली. तो अजून थोडा फुगलेला आहे.

नंतर आले स्वयंपाकघर असलेले भाड्याचे घर. आई बाहेरचे फारसे खात नाही, तेव्हा वरण-भाताची सोय होईल, हा विचार मोहात पाडणारा होता. बृहन्लंडनमध्ये 2015 च्या कायद्यानुसार राहते घर अशा रीतीने वर्षाला 90 रात्रींपेक्षा जास्त भाड्याने देता येत नाही, त्यासाठी वेगळी परवानगी लागते. म्हणजे आम्ही ज्या कपाटात कपडे ठेवणार त्यात वर्षाचे उरलेले नऊ महिने कोणाचे तरी कपडे असणार. घरमालक भेटणार नव्हता. किल्ली दाराबाहेरच्या लोखंडी डबीत, डबीचा आकडा मोबाइलवर. 'किल्ली दाराबाहेरच ठेवायची असेल तर कुलूप लावतात तरी कशाला?' असे सौभाग्यवतींनी विचारले. त्याहून मोठी अडचण नियमांच्या यादीत सापडली: छतावर धुराची सूचना देणारे यंत्र असून ते वाजल्यास भुर्दंड पडेल. हिंगाच्या फोडणीला ते यंत्र धूर समजेल की संस्कृती, याची हमी कोणी देईना, म्हणून मेतकूट आणि इन्स्टंट पोहे घेऊन हॉटेलातच उतरायचे ठरले. किटली तेथे बहुतेक खोल्यांत असते. ती पांढऱ्या कपांसह एका ट्रेवर ठेवलेली असते, शेजारी दोन बिस्किटांची एक पुडी असते, आणि या ट्रेचे छायाचित्र खोलीच्या छायाचित्रापेक्षा मोठे छापतात. याचे कारण क्षेत्रफळ वाचल्यावर कळते. नऊ चौरस मीटर म्हणजे 97 चौरस फूट; त्यातून पलंग वजा केला की दोन बॅगा एकाच वेळी उघडता येत नाहीत, एक मिटवून दुसरी उघडावी लागते. खिडकी असते, पण ती चार बोटेच उघडते. न्हाणीघरात तांब्या किंवा नळाची तोटी असेल, ही आशा ठेवू नये. तांब्या बॅगेतून न्यावा. आमचा नेहमीचाच जातो.

इतके सगळे मी कोष्टकात मांडले होते. आईने चष्मा लावून ते कोष्टक वाचले आणि विचारले, 'अरे, यात जिने कोठे आहेत?'

बिनतोड प्रश्न होता. आईचे गुडघे हा आमच्या प्रवासाचा खरा नकाशा आहे, आणि लंडनच्या भुयारी रेल्वेच्या 272 स्थानकांपैकी साधारण एक तृतीयांश स्थानकांतच रस्त्यापासून फलाटापर्यंत एकही पायरी न चढता जाता येते. कॉव्हेंट गार्डनला लिफ्ट सोडून कोणी जिन्याने निघाले तर 193 पायऱ्या आहेत. आपली पर्वती 103 पायऱ्यांची, आणि वर निदान देव तरी आहे. हॅम्पस्टेडला तीनशेच्या वर. तेव्हा मी झोन, दर, किटली हे सगळे रकाने पुसले आणि फक्त जिन्यांचा ठेवला. मग आईने दुसरा प्रश्न विचारला: 'टिळक कोठे उतरले होते रे?'

चिरोल या ब्रिटिश पत्रकाराविरुद्धच्या बदनामीच्या खटल्यासाठी लोकमान्य 1918 मध्ये लंडनला गेले, तेव्हा ते मेडा व्हेल भागात 10, हाउली प्लेस येथे राहत होते, आणि तशी पाटी त्या घरावर आहे. बाबासाहेब आंबेडकर 1921-22 मध्ये ज्या घरात राहिले ते 10, किंग हेन्रीज रोड. ते महाराष्ट्र शासनाने 2015 मध्ये विकत घेतले. ब्रिटिश पंतप्रधानांचे डाउनिंग स्ट्रीट धरता दहा नंबरची तीन घरे पाहायची, असे आईने जाहीर केले, आणि त्यांतले शेवटचे वेळ उरल्यास. आता गंमत अशी की हाउली प्लेसहून चालत जाण्याजोगे मोठे स्थानक म्हणजे पॅडिंग्टन, आणि 2022 मध्ये सुरू झालेली एलिझाबेथ लाइन हीथ्रोहून थेट पॅडिंग्टनला येते, आणि तिच्या 41 च्या 41 स्थानकांत रस्त्यापासून फलाटापर्यंत पायरी नाही. कोष्टके मांडून मला जे जमले नव्हते ते लोकमान्यांनी शंभर वर्षांपूर्वी करून ठेवले होते.

पॅडिंग्टनजवळ ससेक्स गार्डन्स नावाचा रस्ता आहे. तेथे जुन्या उंच घरांची ओळच्या ओळ हॉटेले होऊन बसली आहे. त्यांपैकी एकाला मी पत्र लिहून विचारले, 'आपल्याकडे लिफ्ट आहे का?' उत्तर फार अदबीने आले: लिफ्ट अवश्य आहे, ती पहिल्या मजल्यावरून सुरू होते. पहिल्या मजल्यापर्यंत कसे जायचे, असे मी पुन्हा विचारले. जिन्याने, असे त्यांनी कळविले, आणि आमच्या मुक्कामाबद्दल शुभेच्छा दिल्या. तळमजल्याची खोली मागितल्यावर ती मिळाली, परंतु तिची खिडकी मागच्या बाजूला, कचऱ्याच्या पेट्यांवर उघडते, हेही त्यांनी प्रामाणिकपणे लिहिले. 'चार बोटेच उघडते ना? मग चालेल,' असे म्हणून सौभाग्यवतींनी रद्द करता येणारी, थोडी महाग खोली घ्यायला लावली.

आता एकच गोष्ट लोंबकळते आहे. विमान सकाळी सातला उतरते आणि खोली दुपारी तीनला मिळते. सामान हॉटेलात टाकून तडक टिळकांकडे जायचे, असे आईने परस्पर ठरवून टाकले आहे. नऊच्या सुमारास कोणाच्याही दारासमोर असे तिघांनी उभे राहणे बरे दिसत नाही, एवढाच सौभाग्यवतींचा आक्षेप आहे.