सोपानदेवांचं घर म्हणजे एकच वाडा नव्हे

कवी सोपानदेव चौधरींचं घर म्हटलं की सगळे जुन्या जळगावातल्या चौधरी वाड्याकडे बोट दाखवतात. वाड्यात त्यांच्या आई, कवयित्री बहिणाबाई यांच्या वापरातल्या वस्तूंचं संग्रहालय झालं, फार चांगलं झालं. पण जळगावजवळच्या आसोद्याचं काय? १८८० साली बहिणाबाई तिथेच महाजनांच्या घरी जन्मल्या, तेराव्या वर्षी जळगावात सासरी आल्या. त्यांची गाणी कागदावर उतरवली ती सोपानदेवांनी आणि त्यांचे मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी. १९५२ साली ती छापून आली, तीही घरच्यांनी जपली म्हणून. त्यामुळे माहेर-सासर दोन्हीकडची घरं जपायच्या घरांच्या एकाच यादीत हवीत, हे माझं ठाम मत.

दुसरं मत त्याहून ठाम आहे. खान्देशातल्या मातीच्या घरांना सिमेंट लावू नका.

मातीची भिंत जोत्यातून ओल ओढते आणि बाहेर सोडते. वर सिमेंटचा गिलावा चढला की ओल आतच कोंडते. दोन-तीन फुटांवर पोपडे येतात आणि गिलावा पडताना मातीही घेऊन पडतो. असा गिलावा खालून तीन-चार फूट खरवडून काढा आणि भिंत अख्खा उन्हाळा उघडी ठेवा. त्याआधी बाहेर बघा: दरवर्षी डांबर चढून रस्ता जोत्याच्या वर आलेला असतो, पाणी तिथूनच शिरतं. उतार घराबाहेर काढला नाही तर बाकी सगळा खर्च मातीत.

गिलाव्याची माती गव्हाचा भुसा घालून आठवडाभर भिजू द्या, रोज तुडवा. पहिला थर जाड, तो वाळून तडकला की दुसरा पातळ. चुन्याचं काम दिवाळीनंतरच. वैशाखात आपल्याकडच्या उन्हात चुना मुरायच्या आत वाळतो आणि भुगा होऊन झडतो.

धाब्यावर, म्हणजे मातीच्या सपाट छपरावर, पांढरी माती टाकायची ती आखाजी (अक्षय तृतीया) झाल्यावर, मृगाच्या आत. गळतं म्हणून वर काँक्रीट ओतणं सगळ्यात वाईट. वजन वाढतं, खालचं लाकूड कुजलेलं दिसत नाही. सर, म्हणजे छपराचं आडवं लाकूड, आधी भिंतीत गेलेल्या टोकाशी कुजतो, मधे ठणठणीत वाटतो. पटाशी टोकाशीच खुपसून बघा. सहज आत गेली तर तेवढाच तुकडा कापून जुन्या सागाचा सांधा द्या, अख्खा सर फेकू नका.

वस्तूंचंही तेच. घरोट्याला (जात्याला) ऑइलपेंट नको, सुपाला व्हार्निश नको. जिथे घरोटा मांडलेला होता ती जागा तशीच राखा, पाटीवर लेवा गणबोलीतलं, म्हणजे इथल्या लेवा समाजाच्या बोलीतलं, नाव आधी लिहा. आणि दुरुस्तीसाठी दार-चौकट उतरवण्याआधी प्रत्येक तुकड्यावर खडूनं नंबर टाकून फोटो काढा. एकदा ढीग झाला की कोणती फळी कुठली, हे मिस्त्रीलाही सांगता येत नाही.