मग बाबूला काय येतं?

माझ्या लेकीला वाढदिवसाला कोणीतरी एक इंग्रजी चित्रांचं पुस्तक दिलं, ऑटिझम असलेल्या मुलाची गोष्ट. आमच्याकडे बाबू आहे (ताईचा मुलगा, ७ वर्षांचा, गोव्यात चोडण बेटावर राहतो) म्हणून मुद्दाम शोधून आणलेलं, त्यामुळे देणाऱ्याबद्दल तक्रार अजिबात नाही. गोष्ट अशी की वर्गात एक मुलगा असतो, तो सारखे कान झाकतो, कोणाच्या डोळ्यात बघत नाही, त्याला कोणी खेळायला घेत नाही, मग सहलीला सगळे वाट चुकतात आणि ह्याला नकाशा तोंडपाठ, तो सगळ्यांना परत आणतो, टाळ्या, शेवटच्या पानावर सगळे त्याचे मित्र.

पुस्तक मिटून लेकीने विचारलं, "आई, मग बाबूला काय येतं?"

ताई तिथेच तांबडी भाजी निवडत बसलेली. म्हणाली, "शर्टाची बटणं लावायला येत नाहीत अजून. चालेल का विचार त्यांना."

हसलो सगळे, पण मला ते काही केल्या जाईना. पोरीची चूक नाही हो, पुस्तकाने तिला हेच शिकवलं ना, की असं मूल दिसलं की त्याची कला शोधायची, आणि कला सापडली की मग मैत्री करायची. बाकीच्या पोरांना अशी परीक्षा नसते. वर्गात शेवटच्या बाकावर बसून नाकात बोट घालणाऱ्याला पण मित्र असतात, त्याला कोणी नकाशा पाठ आहे का विचारत नाही.

ह्याच्या उलट 'सेसमी स्ट्रीट' ह्या मुलांच्या अमेरिकन टीव्ही कार्यक्रमातली ऑटिस्टिक बाहुली ज्युलिया. २०१५ मध्ये ती आधी पुस्तकात आली आणि २०१७ मध्ये टीव्हीवर. पहिल्याच भागात तो मोठा पिवळा पक्षी तिला हाक मारतो, ती चित्र काढण्यात गुंग, उत्तरच देत नाही, त्याला वाटतं हिला मी आवडलो नाही. बाकीचे सांगतात की ज्युलियाची पद्धत वेगळी आहे, थोडा वेळ लागतो. तिला कोणाला वाचवावं वगैरे लागत नाही, समजून घ्यायचं काम पक्ष्याचं. तिची बाहुली चालवणाऱ्या बाईंचा स्वतःचा मुलगा ऑटिस्टिक आहे, ते दिसतं. पण गंमत बघा, तिथल्या ऑटिस्टिक लोकांनी स्वतः चालवलेली जी संस्था ज्युलिया घडवायला मदत करत होती तिनेच २०१९ मध्ये सेसमीवाल्यांशी संबंध तोडले, कारण ज्युलियाला घेऊन दुसऱ्या एका संस्थेची जी माहिती पालकांपर्यंत पोचवायला घेतली होती, तिच्यात मुलाचं निदान झालं म्हणजे जणू घरात कोणी गेलं असा सूर होता. म्हणजे पोरांना सांगायचं ही आपली मैत्रीण आणि तिच्या आईबाबांना सांगायचं रडून घ्या.

आपल्याकडे २०१६ च्या कायद्यात ज्या २१ प्रकारच्या अपंगत्वांची यादी आहे तिच्यात ऑटिझम आहे, २०२३ पासून पणजीत पर्पल फेस्ट हा अपंग लोकांचा महोत्सव होतो, आम्ही जातो पण. पण घरात, झोपताना वाचायला मराठीत काय? मी शोधलं तेव्हा हाताला लागली ती पालकांसाठीची, लक्षणं आणि उपाय. आणि ऑटिस्टिकला शब्द काय तर स्वमग्न. अहो बाबू स्वतःत कुठे मग्न असतो, तो फेरीबोटीत मग्न असतो! रायबंदरला आम्ही चोडणच्या फेरीसाठी थांबलो की तो फेरीवाल्याचं "फुडें वच, फुडें वच" अगदी त्याच आवाजात दहा वेळा म्हणतो, आणि नवी रो-रो फेरीबोट आली तेव्हा जुनी फेरी का नाही म्हणून पठ्ठ्या दोन दिवस नीट जेवला नव्हता.

इंग्रजी पुस्तकातलं मूल कँटीनच्या गोंगाटाला घाबरतं. आमचं दिवाळीत नरकासुर जाळायच्या गोंगाटाच्या रात्री पलंगाखाली जातं, पण चवथीला, गणपतीत, घुमट (आमचं मातीचं तालवाद्य) वाजायला लागला की त्याच्यावर हात ठेवून बसतं, उठवलं तर उठत नाही. हे कोण लिहिणार? त्यातून मला मेलं चित्र काढता येत नाही.

तर लेकीलाच बसवलं. ड्रॉइंग बुकची ८ पानं, मधे दोऱ्याने शिवली. फेरी येते, फळी पडते, स्कूटरी उतरतात, बाबू कान झाकतो, लेक त्याच्या बाजूला उभी राहते, चोडण येतं. बस्स. कोणी हरवत नाही आणि कोणी सापडत नाही. लेक म्हणाली आई ह्यात काहीच होत नाही, मी म्हटलं असूदे.

बाबूने ते घेतलं, थँक्यू वगैरे नाहीच, तिसऱ्या पानावर बोट ठेवून म्हणाला "दोरी ह्या बाजूला." बरोबर होतं त्याचं, दोरी चुकलेली. लेकीने खोडून परत काढली तेव्हा कुठे पुढचं पान उलटू दिलं. आता ते तिसरं पान उघडून उघडून सुटलंय, ताईने सेलोटेप लावलाय, आणि लेकीला जुन्या फेरीवरचं पण एक बनवायची ऑर्डर आलीय.