चोर सोडून बेल्टला फाशी

जुन्या गाडीचे आवाज दोन प्रकारचे असतात, खाजगी आणि जाहीर. डॅशबोर्डची खडखड, मागच्या सीटची कुरकुर, काच खाली घेताना दारातून येणारं कण्हणं, हे सगळे खाजगी. आपण ऐकायचे, रेडिओ थोडा मोठा करायचा आणि विषय संपवायचा. बेल्ट ओरडायला लागला की मात्र प्रकरण चव्हाट्यावर येतं. सकाळी किल्ली फिरवायची, इंजिन सुरू व्हायचं आणि पाठोपाठ 'कीईईईई' करून अशी किंकाळी निघायची की वरच्या मजल्यावरच्या खिडक्या उघडायच्या. अर्धं मिनिट ओरडून झालं की बेल्ट आपोआप गप्प. मी खाली मान घालून रिव्हर्स टाकायचो. स्टिअरिंग पूर्ण वळवलं की पुन्हा कीईईई. ज्यांची पहिल्यांदा झोपमोड झाली नव्हती, त्यांचीही सोय व्हायची.

इंजिनाच्या पोटात काही बिघडलं तर लोक हळहळतात. बेल्ट ओरडला तर उपाय सांगतात. 'साबण घासा', 'मेणबत्ती फिरवा', 'पावडर टाका', 'चिमूटभर ग्रीस लावा'. हा शेवटचा उपाय सांगणाऱ्याला मी विचारलं, की बेल्ट घसरतोय म्हणून ओरडतोय ना? मग त्यावर ग्रीस लावून तो आणखी घसरवायचा का? तो म्हणाला, "आवाज तर बंद होईल!" खरंच होतो, हेच तर वाईट. साबण, तेल, ग्रीस, काहीही चोपडलं की आवाज थांबतो, घसरणं थांबत नाही. ते वाढतं, फक्त तोंड दाबून.

खालच्या मजल्यावरचे काका तर गाडीजवळही आले नाहीत. बाल्कनीतूनच निदान केलं. "फॅन बेल्ट. ढिला झालाय. मी आवाजावरून सांगतो."

"काका, या गाडीचा पंखा विजेच्या मोटरवर फिरतो. बेल्टचा पंख्याशी काही संबंध नाही."

"मग बिघडलंय ते हेच," काका म्हणाले आणि आत गेले.

बेल्टला कामं मात्र भरपूर. इंजिनाची मुख्य पुली फिरते आणि तिच्यावरून निघालेला हा रबरी पट्टा वळसे घेत घेत वीज तयार करणारा अल्टरनेटर, ए.सी.चा कॉम्प्रेसर, पॉवर स्टिअरिंगचा पंप आणि बऱ्याच गाड्यांत पाण्याचा पंपही फिरवतो. सगळ्यात अवघड गिऱ्हाईक अल्टरनेटर. त्याची पुली छोटी, त्यामुळे तो इंजिनाच्या दुप्पट-तिप्पट वेगानं फिरतो. उभ्या गाडीत इंजिन मिनिटाला 800 फेरे घेत असेल, तर अल्टरनेटरचे 2000च्या आसपास होतात. इतक्या छोट्या पुलीला बेल्टचा विळखाही थोडाच बसतो, म्हणून बेल्ट घसरायला लागला की बहुतेक वेळा पहिल्यांदा तिथं घसरतो. तोही एकदम सटकत नाही. क्षणभर पकडतो, सुटतो, पुन्हा पकडतो, आणि हे सेकंदात शेकडो वेळा चालतं. सारंगीच्या तारेवर गज घासला की सूर निघतो, तो याच पकड-सुटीतून. रियाज नसलेल्या माणसाच्या हातात सारंगी दिली की काय होतं, ते आमच्या इमारतीला रोज सकाळी कळत होतं.

मी एका गॅरेजमध्ये गेलो. आता इथं एक नियम आहे, तो जुनी गाडी बाळगणाऱ्या प्रत्येकाला पाठ असतो: मेकॅनिकसमोर गाडी ओरडत नाही. मी बॉनेट उघडून उभा, मेकॅनिक कान देऊन उभा, आणि गाडी अगदी शहाण्या मुलासारखी गुरगुरतेय. "कुठाय आवाज?" मी तोंडानं काढून दाखवला. गॅरेजमधली सगळी पोरं काम सोडून बघायला लागली. "परत काढा," मेकॅनिक म्हणाला. मी परत काढला. त्यानं गंभीरपणे मान हलवली आणि कुठल्याशा डब्यातून बेल्टवर फवारा मारला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी नेहमीच्या पट्टीत ओरडली. फवाऱ्यानं बेल्ट जरा चिकट झाला होता, त्यावर धूळ मात्र छान बसली. पुढच्या भेटीत त्याच गॅरेजनं बेल्ट बदलायला सांगितला. "बघा, कसा चकाकतोय! गुळगुळीत झालाय." बेल्ट चकाकत होता हे खरंच. घसरून घसरून रबर तापतं, कडक होतं आणि त्याला काचेसारखी झिलई येते. नवा बेल्ट बसला. इमारतीत शांतता पसरली. काकांनी बाल्कनीतून अंगठा दाखवला. मग काही दिवसांनी, पहाटे हवेत गारवा होता त्या दिवशी, नव्या बेल्टनं पहिली तान घेतली. त्याचा गळा जुन्यापेक्षा तयारीचा होता.

इथून पुढे मी दुसऱ्या मेकॅनिककडे गेलो. वयस्क माणूस, बोलणं मोजकं. मी तोंडानं आवाज काढायला सुरुवात केली तसा त्यानं हात वर करून मला थांबवलं. "साहेब, गाडी रात्री इथं ठेवा. सकाळी या. तुम्ही येईपर्यंत मी किल्ली लावणार नाही."

मला तिथंच अर्धं उत्तर मिळालं. गाडी मेकॅनिकसमोर गप्प बसते, त्यात खट्याळपणा काही नाही. रात्रभर थंड पडलेलं रबर कडक असतं, त्यावर दमट हवेचा ओलावा असतो, आणि स्टार्टर फिरवताना बॅटरीतून जे गेलं ते भरून काढायला अल्टरनेटर सुरुवातीला जोर लावतो. म्हणजे ओढायला भार जास्त आणि पकड कमी. गॅरेजपर्यंत पोचेस्तोवर बॅटरी बरीचशी भरलेली, रबर ऊबदार, बेल्ट कोरडा. मग ओरडेल कशाला?

सकाळी पोचलो. माणूस शब्दाला जागला होता, बॉनेट थंडगार. "लावा," म्हणाला. मी लावली. कीईईईई! आयुष्यात पहिल्यांदा त्या आवाजानं मला आनंद झाला.

"किंचाळतो. चिकचिक करत नाही," तो म्हणाला. मी फरक विचारला. लांब, अखंड किंकाळी असेल तर बेल्ट घसरतोय. चिक-चिक-चिक असा तुटक, पाखराचा आवाज असेल आणि इंजिनाच्या वेगाबरोबर त्याचीही घाई वाढत असेल, तर बहुधा एखादी पुली रेषेत नाही आणि बेल्ट तिच्यात तिरका शिरतोय. मग त्यानं पाण्याची बाटली आणली आणि चालत्या बेल्टच्या उभ्या धारा असलेल्या बाजूवर लांबूनच जेमतेम एक चूळ पाणी उडवलं. ही परीक्षा मला फार आवडली. पुली तिरकी असेल तर पाण्यानं चिकचिक क्षणभर थांबते आणि बेल्ट वाळला की परत येते. ताण कमी असेल तर पाणी पडल्या पडल्या आवाज वाढतो. आमचा इतका वाढला की रस्त्यावरच्या माणसानं वळून पाहिलं.

पुढचा कार्यक्रम मी गाडीत बसून आणि तो बॉनेटमागून, एकमेकांचं तोंड न बघता पार पाडला. "हेडलाईट लावा... आता ब्लोअर फुल... ए.सी.... ए.सी. बंद... स्टिअरिंग पूर्ण वळवा... सोडा, सोडा! धरून ठेवू नका, पंपाचा जीव जाईल!" प्रत्येक गोष्टीचा भार बेल्टवर येतो, म्हणून एकेक चढवून कोण बेल्टला जास्त ओढतंय ते बघायचं. आमच्याकडे सगळेच ओढत होते. हेडलाईटला ओरडला, ए.सी.ला ओरडला, स्टिअरिंगला तर टाहोच फोडला. "मग एकट्या अल्टरनेटरचं काही नाही," तो स्वतःशी पुटपुटला. "सगळ्यांसमोर कमी पडतोय तर मुळात ताणच नाही."

त्यानं इंजिन बंद करायला सांगितलं, किल्ली माझ्याकडून मागून घेतली आणि स्वतःच्या खिशात टाकली. त्याचे हात बेल्टमध्ये असताना मी हौसेनं गाडी लावू नये, एवढाच त्यामागचा विचार. माझ्याबद्दलचं त्याचं मत मला तेव्हा कळलं. बेल्टवर बोट फिरवून त्यानं वास घेतला. तेल नाही, इंजिन थंड ठेवणारं कुलंट नाही. तसं गळत असेल तर आधी गळती थांबवायची, नाहीतर नवा बेल्टही त्यात भिजून वाया जातो. नवाच बेल्ट असल्यानं तो धड होता, फक्त हळूहळू चकाकायला लागला होता.

बेल्टला ताण देणाऱ्या टेन्शनरला पाना लावून त्यानं बेल्ट उतरवला आणि क्षणभर तसंच इंजिन चालवून पाहिलं. पूर्ण शांत. लगेच बंद केलं. पाण्याचा पंप बेल्टवर असेल तर असं फार वेळ चालवत नाहीत. आता आरोपी नक्की पट्ट्याच्या वाटेवरच होता. त्यानं एकेक पुली हातानं फिरवायला घेतली आणि मलाही फिरवायला लावली. अल्टरनेटर गुळगुळीत. पाण्याचा पंप गुळगुळीत, हलवून पाहिला तर लचक नाही. आयडलर, म्हणजे बेल्टला नुसतं वळण देणारी रिकामी पुली, ठीक. मग टेन्शनरची पुली. खर्रर्र... आतल्या बेअरिंगमधलं ग्रीस कधीच वाळून गेलं होतं, गोळ्या कोरड्या घासत होत्या. बोटाला ती खरखर वाळू चाळल्याइतकी स्पष्ट लागली. चांगल्या बेअरिंगला ग्रीसचा जरा जडपणा असतो, ही पुली मात्र एक झटका दिला की बेफाम गरगरत सुटायची.

"आता टेन्शनर हातानं दाबून बघा," तो म्हणाला. टेन्शनर म्हणजे एक दांडा, आत स्प्रिंग, टोकाला पुली. स्प्रिंगनं दांडा कायम बेल्टवर रेटून धरायचा, एवढंच त्याचं काम. माझा हात म्हणजे काही पैलवानाचा नाही, तरी दांडा निम्म्या वाटेपर्यंत लोण्यातून गेल्यासारखा आला. त्यानं शेजारी उभ्या असलेल्या दुसऱ्या गाडीचा टेन्शनर मला दाबायला लावला. मी दोन्ही हातांनी, दात-ओठ खाऊन जोर लावला. तो हललाही नाही.

म्हणजे बेल्ट बिचारा सुरुवातीपासून खरं बोलत होता. मला कुणी रेटून धरत नाही, असं रोज सकाळी ओरडून सांगत होता, आणि आम्ही सगळ्यांनी मिळून त्यालाच बदललं. नवा बेल्ट काही दिवस गप्प राहिला, कारण नव्या रबराची पकड चांगली होती. तो पुलींमध्ये बसला, किंचित लांबला, तो ढिलेपणा ओढून घ्यायला स्प्रिंगमध्ये दम नव्हता आणि तोही ओरडायला लागला. ज्या जुन्या गाड्यांना हा स्प्रिंगवाला टेन्शनर नसतो, त्यांत अल्टरनेटर बोल्टवर सरकवून हातानं ताण द्यावा लागतो. तिथं वेगळीच गंमत: ओरडू नये म्हणून लोक इतका आवळतात की बेल्ट शांत होतो आणि अल्टरनेटरचं नाहीतर पंपाचं बेअरिंग रडायला लागतं.

टेन्शनर बदलायचं ठरलं, आणि झिलई चढायला लागलेला बेल्टही, कारण नव्या स्प्रिंगला आधीच घसरलेला पट्टा देण्यात अर्थ नव्हता. नव्या बेल्टच्या पाठीवर 6पीके आणि पुढे चार आकडे छापलेले होते. सहा म्हणजे सहा उभ्या धारा, पीके हा धारांचा प्रकार, दोन धारांमधलं अंतर 3.56 मिलिमीटर, आणि चार आकडे म्हणजे बेल्टची लांबी मिलिमीटरमध्ये. जुना बेल्ट घेऊन दुकानात उभं राहून 'असाच द्या' म्हणण्यापेक्षा तो नंबर वाचून घेणं सोपं. पूर्वी निओप्रिनच्या बेल्टला भेगा पडायच्या आणि भेगा मोजून आयुष्य ठरवता यायचं. आताचे ईपीडीएम रबराचे बेल्ट सहसा भेगाळत नाहीत. धारांच्या मधल्या दऱ्या झिजून खोल होतात आणि बेल्ट दिसायला ठणठणीत असूनही घसरतो.

बसवणं लवकर उरकलं. बेल्ट कुठून कुठे जातो याचा कागद बॉनेटखाली चिकटवलेला असतो. आमच्या गाडीत त्या कागदाचा फक्त डिंक शिल्लक होता. मेकॅनिकनं बेल्ट काढण्याआधीच मोबाईलवर फोटो घेऊन ठेवला होता. चुकीच्या वाटेनं घातला तर पाण्याचा पंप उलटा फिरू शकतो, आणि मग ओरडण्याची पाळी मालकावर येते. शेवटी त्यानं अशा एका पुलीमागे हात घातला जी डोळ्यांना दिसत नव्हती, आणि डोळे मिटून बोटांनी सगळ्या सहा धारा मोजल्या. बेल्ट एका खाचेनं बाजूला बसला तर वरवर चालतो आणि कडेनं उसवत जातो. मग खिशातली किल्ली मला परत मिळाली.

काकांना मी सगळं सविस्तर सांगितलं: पाण्याची परीक्षा, स्प्रिंग, वाळलेलं ग्रीस. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे ढिलाच होता ना?" ते म्हणाले. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

जुना टेन्शनर मी मागून घेतला आणि घरी आणून टेबलावर ठेवला. येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी तो दांडा दाबायला देतो, मग पुलीला झटका देऊन खर्रर्र ऐकवतो. मेहुणा ऐकून उठून गेला, भाच्यानं मात्र परत परत फिरवून घेतला. बायकोनं सुरुवातीला काही म्हटलं नाही. काल पाहुणे जाईपर्यंत थांबली आणि टेबलावरचा काळा गोल डाग दाखवत म्हणाली, "हे भंगार इथंच ठेवायचं असेल तर निदान खाली कागद तरी घाल."