कोल्हापूरचे चित्ते दाजीपूरचे नव्हते

मध्य प्रदेशातल्या कुनोच्या जंगलात चित्ते आले तेव्हापासून एक मेसेज कोल्हापूरच्या ग्रुपांवर फिरतोय. मध्येच थंडावतो, परत उठतो. मजकूर असा: 'आफ्रिकेचे चित्ते भारतात पहिल्यांदा २०२२ ला आले. आपल्या संस्थानाच्या चित्तेखान्यात मात्र दाजीपुरात धरलेले अस्सल देशी चित्ते होते. तिथंच त्यांची पैदास व्हायची. इंग्रजांनी गोळ्या घालून वंश संपवला. आता दाजीपूरला चित्ते सोडा.' खाली अर्थातच 'जगात भारी'. चित्तेखाना म्हणजे काळविटाच्या शिकारीसाठी पाळलेले चित्ते ठेवायची जागा, आणि दाजीपूर म्हणजे आपल्याच जिल्ह्यातलं जंगल.

आधी पैदाशीचं बघू, कारण बाकीचा हिशेब तिथंच चुकलाय. साखळीला बांधलेला चित्ता सहसा जुगतच नाही. अकबरानं हजारभर चित्ते जमवले, बागेत मोकळे सोडून पाहिले, तरी पिल्लं झाली नाहीत, असं जहांगीर स्वतः लिहून गेलाय. त्याच्या काळात एक नर गळपट्टा सोडवून मादीपाशी पोचला आणि तिला तीन पिल्लं झाली. १६१३ ची ही गोष्ट बादशहाला मुद्दाम नोंदवावीशी वाटली. यानंतर बंदिवासातल्या पिल्लांची नोंद सापडते ती थेट १९५६ ची, अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या प्राणिसंग्रहालयात.

म्हणजे चित्तेखाना भरलेला ठेवायचा तर दर वेळी रानातून नवा चित्ता धरणं आलं. तोही वाढलेला, कारण आईनं शिकवलेलं नसलं तर पिल्लू काळविटामागं सुटत नाही. चित्ता ठरावीक झाडांपाशी खुणा करायला परत परत येतो. चित्ते धरणारे चित्तेपारधी तिथंच फास लावत. मग डोळ्यांवर टोपी, बाजेला बांधणं, माणसांच्या गलक्याची सवय. शिकारीला गाडीवर बसवून न्यायचं आणि कळप दिसला की टोपी काढायची. शेकडो वर्षं असे वाढलेले नर-माद्या उचलत गेल्यावर रान रिकामं होणारच.

इंग्रजांना मी मोकळं सोडत नाही. चित्ते मारायला त्यांनी इनामं लावली होती. पण १९४७ ला शेवटचे म्हणून गणले जाणारे तीन चित्ते टिपले ते आताच्या छत्तीसगडातल्या कोरिया संस्थानचे महाराज रामानुज प्रताप सिंह देव यांनी. पाच वर्षांनी सरकारनं चित्ता नामशेष झाल्याचं जाहीर केलं.

'पहिल्यांदा २०२२' हेही टिकत नाही. देशी चित्ता मिळेनासा झाल्यावर संस्थानिकांनी शिकारीसाठी आफ्रिकेतून चित्ते मागवले, आणि त्यात भावनगरसोबत ठळक नाव आहे कोल्हापूरचं. शाहू महाराजांचे चिरंजीव राजाराम महाराज यांच्या काळात इथं काळविटामागं धावले ते केनियाकडून आलेले पाहुणे. मिरवायचंच तर हे मिरवा की! २०२२ च्या १७ सप्टेंबरला नामिबियाचे आठ आले, त्यांचं वेगळेपण एवढंच की त्यांना जंगलात वसवायला आणलं होतं.

मेसेजसोबतचा फोटो बिबट्याचा आहे. चित्त्याचे ठिपके भरीव असतात आणि डोळ्यापासून तोंडापर्यंत काळी रेघ उतरते. फोटोत दोन्ही नाही.

राहिलं दाजीपूर. चित्त्याला उघडा, कोरडा माळ लागतो, लांबवर नजर जाईल असा. दाजीपूर म्हणजे घाटमाथ्याचं दाट रान, पावसाळाभर धुकं नि जळवा. १९५८ ला तिथं अभयारण्य झालं ते गव्यांसाठी. मागणी करायचीच तर जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या माळांसाठी करा. फक्त तिथं आता ऊस आणि एमआयडीसी आहे.