कमी गुण दिले म्हणजे बचाव सर्वोत्तम ठरत नाही

अमेरिकेतील कॉलेज बास्केटबॉलविषयी एक मत वारंवार मांडले जाते. प्रति सामना सर्वांत कमी गुण देणाऱ्या संघाचा बचाव सर्वांत चांगला, संथ खेळ हेही बचावाचेच कौशल्य, आणि व्हर्जिनिया विद्यापीठाच्या संघाला डोक्यावर घेणारे कार्यक्षमतेचे (म्हणजे दर ताब्यामागच्या गुणांचे) आकडे २०१८ मधल्या एका पराभवाने उघडे पडले, असे हे मत आहे. यातला एकही मुद्दा टिकत नाही.

पहिल्या मुद्द्यात भाजकच चुकला आहे. सामना ४० मिनिटांचा असला, तरी चेंडूचा ताबा किती वेळा मिळतो हे संघागणिक बदलते. ६० ताब्यांत ६० गुण देणारा संघ दर १०० ताब्यांमागे १०० गुण देतो. ७५ ताब्यांत ७० गुण देणारा संघ ९३ च्या आसपास राहतो, म्हणजे दहा गुण जास्त देऊनही त्याचा बचाव सरस ठरतो. ताबे मोजणे अवघडही नाही. बास्केटसाठी केलेल्या एकूण फेकींतून आक्रमक रिबाउंड (स्वतःच्या चुकलेल्या फेकीनंतर परत मिळवलेले चेंडू) वजा करायचे, कारण चुकलेली फेक त्याच संघाच्या हाती परत आली की ताबा तोच चालू राहतो. मग त्यात टर्नओव्हर (फेक न करताच गमावलेले ताबे) आणि फ्री थ्रोंची, म्हणजे फाउलनंतर मिळणाऱ्या मोकळ्या फेकींची, ०.४७५ पट मिळवायची. कॉलेज बास्केटबॉलचे आकडेतज्ज्ञ केन पॉमरॉय यांच्या क्रमवारीत यापुढे प्रतिस्पर्ध्याच्या ताकदीचाही हिशेब धरला जातो. २०१८-१९ च्या हंगामात या निकषावर बचावात पहिला आला तो टेक्सस टेक विद्यापीठाचा संघ. प्रति सामना सर्वांत कमी गुण देणारा व्हर्जिनिया नव्हे.

संथपणाचा मुद्दा अंशतः खरा आहे, आणि तेवढा मान्य करायला हवा. व्हर्जिनियाचे तेव्हाचे प्रशिक्षक टोनी बेनेट यांच्या ‘पॅक-लाइन’ बचावात चेंडूवाल्याला अडवणारा खेळाडू सोडून बाकीचे चौघे आत सरकून रिंगकडे जाणारी वाट अडवतात, त्यामुळे प्रतिस्पर्ध्याला शॉट क्लॉकच्या (फेक करण्यासाठी ठरलेल्या वेळेच्या) अखेरीस घाईची फेक करावी लागते. पण त्या घाईचा लाभ दर ताब्यामागच्या गुणांत आपोआप उतरतोच. त्यासाठी वेगळे श्रेय देणे म्हणजे एकच गोष्ट दोनदा मोजणे. शिवाय व्हर्जिनिया स्वतःच्या आक्रमणातही तितकाच वेळ घेत असे, त्यामुळे सामन्यात ताबेच कमी होत आणि त्याचे स्वतःचे गुणही कमी दिसत. म्हणूनच व्हर्जिनियाचे २०१९ चे राष्ट्रीय विजेतेपद केवळ बचावाचे मानणारे फसतात : त्या हंगामात दर ताब्यामागे हा संघ आक्रमणात देशात दुसरा होता.

राहिला १६ मार्च २०१८ चा सामना. पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत पहिल्या मानांकनाचा संघ (व्हर्जिनिया) सोळाव्या मानांकनाच्या संघाकडून (यूएमबीसी, म्हणजे मेरीलँड विद्यापीठाचा बाल्टिमोर काउंटीतील संघ) प्रथमच हरला, तोही ७४-५४ असा. मध्यंतराला गुण २१-२१ होते. दुसऱ्या सत्रात यूएमबीसीने ५३ गुण केले आणि सामन्यात तीन गुणांच्या २४ फेकींपैकी १२ साधल्या. व्हर्जिनियाचा जखमी डीआंद्रे हंटर खेळत नव्हता, हेही विसरता कामा नये. प्रतिस्पर्ध्याच्या तीन गुणांच्या फेकी किती व्हाव्यात यावर बचावाचे बरेच नियंत्रण असते. त्यातल्या किती आत पडतात यावर फारच थोडे, आणि एका रात्रीत तर ही टक्केवारी कुठेही जाऊ शकते. तीसहून अधिक सामन्यांतून उभा राहिलेला आकडा त्या २४ फेकींनी खोटा ठरत नाही. पॅक-लाइनवर आक्षेप घ्यायचाच असेल, तर आतली वाट अडवताना बाहेर किती फेकी मोकळ्या सोडल्या जातात हे पूर्ण हंगामाच्या नोंदींवरून दाखवावे लागेल.