फॉरमॅट मारायच्या आधी जरा थांबा की

गेल्या पंधरवड्यात एकच मेसेज मला सात गिऱ्हाइकांनी पाठवला, त्यातल्या दोघांनी कानडीतून. मजकूर थोडक्यात असा: कॉम्प्युटर आपोआप रीस्टार्ट होतोय म्हणजे व्हायरसच, लगेच फॉरमॅट मारा, इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विन्डोजची नोंदवही) ४१ नंबर दिसला की एसएमपीएस (मशीनला करंट पुरवणारा डबा) गेला, रॅम खोडरबरानं पुसा, एवढ्यानं भागलं नाही तर मदरबोर्ड बदला. बेळगावात दुरुस्तीचं दुकान चालवतो, तेव्हा उत्तर देणं भाग आहे.

व्हायरसचं खूळ हवेतून आलेलं नाही. ऑगस्ट २००३ मध्ये ब्लास्टर नावाचा वर्म (नेटवर्कवरून आपोआप पसरणारा व्हायरस) आला आणि पुढच्या वर्षी सॅसर. विन्डोज एक्सपीवर साठ सेकंदांची उलटी मोजणी सुरू व्हायची आणि मशीन रीस्टार्ट. तेव्हाच्या सायबर कॅफेत ज्यांनी ती खिडकी बघितली, त्यांच्या डोक्यात रीस्टार्ट म्हणजे व्हायरस हे घट्ट बसलं. पण ते वर्म सांगून-सवरून मशीन बंद करायचे. तुमचं मशीन काहीच न बोलता काळं पडत असेल, तर व्हायरसवर संशय घ्यायला कारण फारच थोडं.

आणि फॉरमॅटनं काय होतं? पुरावा जातो. विन्डोज प्रत्येक वेळी काही ना काही लिहून ठेवते: विन्डोज कोसळून निळा स्क्रीन आला असेल तर बहुधा मिनिडंप फोल्डरात फाइल असते, अपडेटनं किंवा एखाद्या प्रोग्रामनं रीस्टार्ट केलं असेल तर १०७४ नंबरची नोंद असते, कुणी केलं त्याच्या नावासकट. हे सगळं पुसल्यावर मी काय बघू? लग्नपत्रिका छापणाऱ्यांचे तर मराठी-कानडी फॉन्टही जातात, तेही ऐन लग्नसराईत.

त्यापेक्षा अ‍ॅडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्जमध्ये जा, स्टार्टअप अँड रिकव्हरी उघडा आणि 'ऑटोमॅटिकली रीस्टार्ट' समोरची खूण काढा. आता निळा स्क्रीन आला तर तो तिथंच थांबेल, मोबाइलवर फोटो काढा. खूण काढूनही मशीन सरळ काळं होऊन परत सुरू झालं, तर बहुतेक वेळा गडबड विन्डोजच्या खालच्या थरात आहे, म्हणजे करंट, उष्णता किंवा एखादा पार्ट.

आता ४१. हा नंबर नीट वाचला जात नाही म्हणून सगळा घोळ होतो. ही नोंद मशीन पडताना होत नाही, परत उठल्यावर होते. तिचा अर्थ एवढाच की मागच्या वेळी विन्डोज रीतसर बंद झाली नव्हती. तपशिलात बगचेक कोड (निळ्या स्क्रीनच्या चुकीचा नंबर) शून्य असेल, तर विन्डोजला काही लिहायला वेळच मिळाला नाही. करंट गेला, कुणी रीसेट दाबला किंवा मशीन पार गोठलं. शून्य नसेल तर निळा स्क्रीन होता. तिथं आकडा साध्या दशमानात दिसतो आणि निळ्या स्क्रीनवर हेक्साडेसिमलमध्ये (सोळाच्या पायावर), म्हणून लोक फसतात: २९२ दिसला तर तो निळ्या स्क्रीनवरचा १२४, हार्डवेअरच्या चुकीचा.

शून्य आला म्हणून एसएमपीएस बदलायला धावू नका. वडगावात एका मागवाल्याच्या हिशोबाच्या मशीनला दोन एसएमपीएस बदलून झाले होते. मी अर्धा तास नुसता चहा घेत बसलो. शेजारच्या खोलीत माग सुरू झाला की लाइट क्षणभर मंद व्हायचा आणि मशीन पडायचं. मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच-सहापट करंट ओढते, व्होल्टेज खाली बसतं. एसएमपीएसला पॉवर कमी पडली की तो मदरबोर्डला दिलेला 'पॉवर गुड' सिग्नल काढून घेतो आणि बोर्ड रीसेट होतो. एसएमपीएस आपलं काम बरोबर करत होता! मशीनला मागाच्या लाइनीवरून काढून वेगळी लाइन दिली, मिटलं.

इन्व्हर्टरचंही तसंच. पूर्ण लोडवर चांगला एसएमपीएस करंटशिवाय साधारण १६-१७ मिलिसेकंद तग धरतो. बऱ्याच घरगुती इन्व्हर्टरना यूपीएस आणि नॉर्मल असे दोन मोड असतात, आणि नॉर्मलमध्ये बदली व्हायला जास्त वेळ लागतो. लाइट गेली की पंखा फिरत राहतो, कॉम्प्युटर तेवढा पडतो. मोडचं बटण बघायला पैसे लागत नाहीत. (एसएमपीएस मात्र स्वतः उघडू नका, प्लग काढल्यावरही आत करंट साठलेला असतो.)

निपाणीत तंबाखूच्या वखारीतलं मशीन असेल तर आधी प्रोसेसरचा पंखा बघा. ती भुकटी हीटसिंकात बसते. पण तापलेलं मशीन सहसा आधी हळू होतं आणि मग सरळ बंद पडतं.

खोडरबर? रॅम काढून परत नीट बसवली जाते, गुण बहुतेक त्याचाच. पुसायचंच तर मऊ पांढऱ्या रबरानं, आणि भुगा झाडून. खरी शंका असेल तर मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्राम) रात्रभर लावा.

उरला मदरबोर्ड. फुगलेले कपॅसिटर (बोर्डावरचे छोटे उभे डबे) डोळ्यांनी दिसतात, ते असतील तर माझी ना नाही. पण खानापुरातल्या एका डीटीपीवाल्या काकांना असाच बोर्ड बदलायला सांगितलं होतं, भर पावसाळ्यात. मशीन दिवसातून दहादा पडायचं. "काका, हे पुढचं बारकं बटण बघा की," म्हटलं. रीसेटचं बटण दमटीनं चिकटून आतच राहत होतं. बोर्डावरून त्याची दोन पिनांची वायर तेवढी उपटली. चार दिवस पाऊस कोसळत होता, मशीन एकदाही पडलं नाही. ती वायर अजून तशीच लोंबतेय.